गोळी कोणाला, श्वास किती?

भातकुलीकडच्या गावांत काय किंवा अमरावती शहरात काय, लेकराचा खोकला लांबला की चिठ्ठीविना अँटिबायोटिक आणणारे पुष्कळ. साधी सर्दी बहुधा विषाणूंची. तिथे ही गोळी निरुपयोगी. जिवाणूंच्या न्यूमोनियात मात्र तीच जीव वाचवते. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवून को-ट्रायमॉक्साझोल त्यांच्या हाती दिले होते. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तिथे हजारी ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५ होते.

दाईच्या हाती अँटिबायोटिक दिले तर जंतू निर्ढावतील, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. औषध जिथे वापरले जाते तिथे प्रतिकार वाढतोच. पण खोकल्यासोबत श्वास मोजायचा नियम काय सांगतो? दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, तरच गोळी. दम्याची धाप कधी यात सापडते, हे खरे. तरी नुसता खोकला इथे गाळला जातो. दुकानातल्या विक्रीला तेवढीही चाळणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे औषध बदलून ॲमॉक्सिसिलिन पसंत केले. श्वासांची मोजणी कायम ठेवली.