पिंपरी-चिंचवडची तिजोरी: पैसा कुठून येतो, कुठे जातो

पुण्याहून मुंबईच्या दिशेने निघाले की दापोडीचा हॅरिस पूल ओलांडताच महापालिका बदलते. रस्ता एकदम रुंद होतो. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून पिंपरी-चिंचवडचे वर्षानुवर्षे कौतुक झाले. हा किताब कोणी दिला आणि कोणत्या निकषावर दिला, हे विचारायच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. पण पैसा होता, हे खरे. तो कसा आला, त्याची वाट कशी बदलली आणि त्यामुळे शहराचा खर्च कुठे वळला, याचा हा हिशेब. महापालिकेला जिथून पैसा मिळतो तिथेच ती पैसा घालते, असे माझे मत आहे.

आधी कारखाने, मग नगरपालिका

इथे स्थानिक संस्था कारखान्यांच्या मागून आली. 1954 मध्ये केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची तिला मदत होती. 1962 मध्ये राज्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन केली. त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत सुरू झाली. जमीन, पाणी, भूखंड हे सगळे राज्याने दिले. गावाच्या पातळीवर कारभार मात्र ग्रामपंचायतींचाच होता.

मार्च 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. त्या वेळी वस्ती लाखाच्या आत होती. 1972 मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले; निगडीकडच्या त्या भागाला लोक आजही नुसते ‘प्राधिकरण’ म्हणतात. ऑक्टोबर 1982 मध्ये महापालिका झाली. पुढच्या काळात रुंद रस्ते, उद्याने, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारखे साडेसातशे खाटांचे रुग्णालय हे सगळे या पालिकेने उभे केले, आणि त्यासाठी तिला फारसे कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत.

जकातीचा जमाना

हात पसरावे लागले नाहीत, कारण जकात होती. शहराच्या हद्दीत वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर पालिका वेशीवरच कर घेई. टेल्कोला पत्रा लागे, ओतीव भाग लागत, टायर लागत, बजाजला तेच. हा सगळा माल ट्रकने येई आणि प्रत्येक ट्रक नाक्यावर थांबे. चालक बीजक घेऊन खिडकीशी जाई, कारकून किंमत बघून आकारणी करी, पैसे भरले की पावतीवर शिक्का, आणि मग दांडी वर. शहरात माल न उतरवता नुसते पुढे जायचे असेल तर त्याचीही वेगळी पावती. संध्याकाळी नाक्यांची रोकड मोजली की आज शहराचे किती उत्पन्न झाले ते त्याच दिवशी कळे. राज्याकडून अनुदान कधी येईल याची वाट बघणाऱ्या छोट्या नगरपालिकांना या सुखाची कल्पनाही नसेल.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. कारखाना वाढला की त्याच महिन्यात पालिकेचे उत्पन्न वाढायचे, मंदी आली की घटायचे. उद्योगाचे भले हे पालिकेच्या थेट फायद्याचे होते. भोसरीच्या रस्त्यावर खड्डा पडून ट्रक अडकला तर तो पालिकेच्याच पैशाचा ट्रक असे.

म्हणून जकात चांगली होती असे मात्र नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरी चाले, मालाच्या किमतीवरून वाद होत. शिवाय माल विकला जाण्याआधीच, कच्च्या स्वरूपात असतानाच कर लागे. हद्दीच्या एका बाजूला कर आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे झाले की नवा कारखाना कुठे जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. महापालिका हद्दीबाहेरच्या चाकणला 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्राचे प्रकल्प उभे राहिले. त्याआधी 2007 मध्ये बजाजने आकुर्डीतले उत्पादन थांबवले होते. बजाजने नवा कारखाना उभारला त्या उत्तराखंडातल्या पंतनगरची करसवलत तेव्हा फार मोठी होती. जकात हे यामागचे एकमेव कारण नव्हते. जमिनीचे भाव, मोठे भूखंड, राज्याच्या सवलती हेही होते. पण हिशेबाच्या वहीत जकातीची ओळ होतीच.

एलबीटी आणि मग भरपाई

एप्रिल 2013 पासून मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाका गेला, हिशेब व्यापाऱ्याने स्वतः भरायचा. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उरलेलाही संपला.

मग पालिकांचे काय? राज्याने कायदा करून भरपाई ठरवली. 2016-17 चे उत्पन्न पाया धरायचे आणि त्यावर दरवर्षी चक्रवाढीने 8 टक्के वाढ द्यायची. गणित केले तर रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. आयुक्तांच्या दृष्टीने ही सोयच म्हणायची: मंदी असो, कोविड असो, कारखाने तीन महिने बंद असोत, धनादेश ठरलेला. वसुलीची कटकटही नाही.

पण या सोयीची एक किंमत आहे. शहरात नवा कारखाना आला तरी भरपाई 8 टक्क्यांनीच वाढणार आणि दहा कारखाने बंद पडले तरी 8 टक्क्यांनीच. उद्योग आणि तिजोरी यांच्यातला धागा तुटला.

आता कमाई बांधकामातून

आता पालिकेच्या हातात, स्वतःच्या प्रयत्नाने वाढतील असे दोनच मोठे झरे उरले: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. दोन्ही इमारतींवर अवलंबून. त्यातही एमआयडीसीच्या हद्दीत नकाशा मंजूर करण्याचे काम एमआयडीसीचे; ती तिथले नियोजन प्राधिकरण आहे. म्हणजे चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कोणी नवी शेड बांधली तर परवानगीचे पैसे पालिकेला नाहीत. वाकडला तीस मजली मनोरा उभा राहिला तर विकास शुल्क, वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य, पुढे शेकडो सदनिकांचा मिळकतकर, सगळे पालिकेला. डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटईक्षेत्राची दारे उघडल्यावर हा झरा आणखी मोठा झाला.

2001 च्या जनगणनेत शहर दहा लाखांचे होते, 2011 मध्ये सव्वासतरा लाखांचे. यातली बरीच वाढ 1997 मध्ये हद्दीत आलेल्या वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होली या गावांच्या शेतांवर झाली. पालिकेचे विकास आराखड्यातले नवे रस्ते, उड्डाणपूल, पादचारी मार्गांचे सुशोभीकरण या भागांत अधिक दिसते. इकडे भोसरीतले लघुउद्योजक रस्ते, सांडपाणी वाहिनी आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांसाठी निवेदने देत राहिले. पवना आणि इंद्रायणीवर अधूनमधून पांढरा फेस तरंगतो, त्याची छायाचित्रे छापून येतात, चार दिवस गदारोळ होतो आणि पुढच्या फेसापर्यंत विषय थांबतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडी-चिखली परिसरातली भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने मिळून हजारो पत्राशेड पालिकेने पाडली. ती अनधिकृत होती, आगी लागत होत्या, नदीत घाण जात होती; कारवाईला कायद्याचा आधार होता. मात्र त्यातल्या अनेक शेडमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क चाले. ते काम करणाऱ्यांना पर्यायी गाळे आधी देऊन मग बुलडोझर आणता आला असता. जकातीच्या दिवसांत पालिकेने हा क्रम उलटा ठेवण्याआधी दहादा विचार केला असता, असे मला वाटते.

पवनेचे पाणी

सार्वजनिक गुंतवणूक एका हद्दीत होते आणि तिचे ओझे दुसऱ्या हद्दीत पडते, याचे सर्वांत जळजळीत उदाहरण पवनेचे आहे. पवना धरण मावळात. तिथून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे उपसून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होते. वाटेत गळती होते, पाणी घाण होते, आणि काठचे शेतकरी उपसा सिंचनासाठी ते घेतात. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकली तर पाणी वाचेल, असे पालिकेचे गणित होते. त्यासाठी केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पैसा मिळणार होता. दहा ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांना त्या योजनेत केंद्र 50 टक्के, राज्य 20 आणि पालिका 30 असा वाटा असे.

वाहिनी झाली की नदीत पाणी कमी राहील, आपली शेती वाळेल, ही मावळच्या शेतकऱ्यांची भीती होती. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाची जुनी दुखणी त्यात होतीच. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. ती उठायला 2023 उजाडले.

मधल्या काळात शहर थांबले नाही. 2019 च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येते. ज्या सोसायट्यांच्या बांधकामाचे लाखो रुपये परवानगी शुल्क पालिकेला मिळाले, त्यांच्या दारात उन्हाळ्यात टँकर उभे असतात. पालिका आंद्रा धरणातून 100 आणि भामा आसखेडमधून 167 दशलक्ष लिटर रोज आणण्याच्या मागे लागली. आंद्राच्या पाण्यासाठी चिखलीला नवे शुद्धीकरण केंद्र झाले. बांधकाम परवानगी देणारा विभाग आणि पाणीपुरवठा विभाग एकाच इमारतीत बसतात. पहिल्याचे काम वर्षात पैसे आणते, दुसऱ्याच्या कामाला दहा वर्षे लागतात. या दोन घड्याळांचा मेळ घालायचा कोणी, हा प्रश्न अंदाजपत्रकात कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नाही.

कर्जरोखे दोनशे कोटींचेच का?

मोठ्या कामांसाठी पालिका आता बाजारातूनही पैसा उभा करतात. देशात राज्याच्या हमीशिवाय रोखे काढण्याचा पहिला मान अहमदाबादचा: 1998, रक्कम 100 कोटी. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटी घेतले, व्याज 7.59 टक्के. पिंपरी-चिंचवडने 2023 मध्ये मुळा नदीच्या कामासाठी 200 कोटी उभे केले, 8.15 टक्क्यांनी; 2025 मध्ये हरित रोखे काढले, तेही 200 कोटींचे.

आकडा तोच का, याचे एक कारण केंद्राच्या अमृत योजनेत सापडते. पहिल्यांदा रोखे काढणाऱ्या पालिकेला दर 100 कोटींमागे 13 कोटी प्रोत्साहन केंद्राने ठेवले, कमाल 26 कोटी. म्हणजे 200 कोटींच्या पुढे गेले तरी बक्षीस तेवढेच. 8.15 टक्के दराने 200 कोटींचे वर्षाचे व्याज 16.3 कोटी होते. 26 कोटी म्हणजे दीड वर्षाहून अधिक व्याज फुकट.

बँकेत मुदत ठेवी असलेली पालिका कर्ज का काढते, असे विचारणारे नागरिक चुकीचे नाहीत. प्रशासनाचा युक्तिवाद असा, की रोखे काढायचे तर पतमानांकन लागते, हिशेब वेळेवर लागतात, व्याज चुकवता येत नाही आणि त्यातून शिस्त येते. युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण शिस्त पैसे परत करण्याची येते. ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम शहराच्या गरजेचे होते का, हे पतमानांकन संस्था विचारत नाही. नदीकाठ सुशोभित करण्याआधी नदीत येणारे नाले अडवावेत की नंतर, याचे उत्तर बाजार देणार नाही.

एकाच खुर्चीतून

कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा मंजुरी देते. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक राहिले. प्रस्ताव त्यांचा, स्थायी समितीची मंजुरी त्यांची, सभेची मंजुरीही त्यांचीच. नगरसेवकांच्या काळात स्थायी समितीत काय चाले हे शहराला ठाऊक आहे, त्यामुळे तिच्या आठवणीने कोणी गहिवरणार नाही. तरी ‘आमच्या वॉर्डात पाणी नाही आणि तुम्ही पदपथाला ग्रॅनाइट लावता’ असे भरसभेत ओरडणारे माणूस नसणे ही काही छोटी उणीव नव्हती.

हद्दीपलीकडचे

हिंजवडीचे आयटी पार्क महापालिकेत नाही. रोज सकाळी वाकड, ताथवडे, पुनावळ्यातून हजारो लोक तिथे जातात आणि संध्याकाळी परततात. राहतात इथे, मिळकतकर इथे, कोंडी दोन्हीकडे. रस्ते कुणाचे यावर एमआयडीसी, ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांच्यात टोलवाटोलवी चालते; पाऊस पडला की ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे काम 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे, स्वारगेटकडे जाणारी मेट्रो महामेट्रोकडे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पालिकेत घ्या, अशी मागणी आयटीवाल्यांची असते. गावकऱ्यांचे मत एक नाही: पालिका आली की कर वाढतो, आरक्षणे पडतात, हे 1997 च्या गावांनी पाहिले आहे.

अंदाजपत्रक हातात आले तर

पालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रक असते. एकूण रकमेचा मथळा सोडून द्यावा. त्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते आणि आकडा फुगतो. त्याऐवजी मागच्या वर्षीचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवावेत. एखाद्या लेखाशीर्षावर भरघोस तरतूद आणि सुधारित अंदाजात निम्मी रक्कम दिसली, तर उरलेले पैसे ‘वर्गीकरण’ होऊन कुठे गेले ते शोधावे, बहुधा रस्त्यांकडे. मग भांडवली कामांचे दायित्व पाहावे, म्हणजे कार्यारंभ आदेश दिलेल्या पण बिले अजून यायची असलेल्या कामांची रक्कम. ती वर्षाच्या भांडवली तरतुदीच्या कितीतरी पट असेल तर नवी घोषणा कागदावरच राहणार, हे ओळखावे. आणि शेवटी उत्पन्नाच्या बाजूला बांधकाम परवानगीची ओळ, खर्चाच्या बाजूला पाणीपुरवठ्याची ओळ, दोन्हींवर बोट ठेवून पाच वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवावेत. पानांचा गठ्ठा मोठा असतो, पण एवढ्या चार गोष्टी तासाभरात होतात.