बावीस नंबरचा हिशेब

गच्चीवर पोहोचल्यावर मिस्त्रीने पान्याला हात लावण्याआधी बर्फ मागवला. हाताखालचा पोरगा पहूरच्या बसस्टँडवर गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी खांद्यावर घेऊन आला. अजिंठ्याकडे जाणारे लोक स्टँडवर उतरून उसाचा रस पितात, त्यामुळे मे महिन्यात इथे दुसरं काही मिळो न मिळो, बर्फ मिळतोच. मिस्त्रीने लादी फोडली, घमेल्यातल्या पाण्यात तुकडे टाकले आणि त्यात पिवळ्या गळ्याचं राखाडी सिलिंडर उभं केलं. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "प्यायला नाही, सर. गॅसला बोलवायला."

जागा एका पतसंस्थेची. वरच्या मजल्यावर दोन जुने स्प्लिट एसी होते. एकाचा कॉम्प्रेसर बसला होता, म्हणजे आतून जाम. तो काढून नवा एसी लावायचं ठरलं होतं. दुसरा चालत होता, पण नुसता वारा देत होता. दोन्हींच्या बाहेरच्या पेट्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या, तरी बोटाने धूळ पुसल्यावर अक्षरं दिसली: आर-२२, भरण १.०५ किलो. मिस्त्री लोक त्याला 'बावीस नंबर' म्हणतात. मी आलो होतो तो या बावीस नंबरचं इथे नेमकं काय होतं ते बघायला.

बघायला येण्यामागे एक जुनी टोचणी होती. काही वर्षांपूर्वी माझ्या घरचा एसी काढला, तेव्हा आलेल्या कारागिराने व्हॉल्व्हची टोपी काढली, ॲलन की घातली आणि फिरवली. फुस्स करून पांढरं धुकं आलं, नळीच्या तोंडावर हिम धरलं आणि दोन मिनिटांत सगळं शांत झालं. शेजारची मुलं टाळ्या वाजवत होती. विज्ञान शिकलेला मी कंबरेवर हात ठेवून बघत होतो. त्याला थांबवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या दोन मिनिटांत किलोभर आर-२२ हवेत गेला. त्याच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू असतो. हा गॅस खालच्या हवेत वर्षानुवर्षं टिकतो. त्यातला बराचसा वाटेतच विरतो, पण उरलेला हळूहळू वर चढतो आणि पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरच्या ओझोनपर्यंत पोहोचतो. तिथे कडक अतिनील किरणांनी क्लोरीन सुटा होतो आणि ओझोन मोडत सुटतो. मोडताना स्वतः मात्र संपत नाही, पुन्हा मोकळा होऊन पुढचा रेणू धरतो. एक अणू असे लाखभर रेणू मोडू शकतो. आणि आपल्या डोक्यावरचा ओझोन असा किती आहे? सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणला तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. भाकरीएवढासुद्धा नाही. पुण्याहून वेधशाळेचे फुगे हा ओझोन मोजत आले आहेत, आणि त्यांना टांगायचं भारतीय बनावटीचं यंत्र हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणी यांनी साठच्या दशकात घडवलं.

मिस्त्रीच्या उस्तादाच्या काळात 'बारा नंबर' चालायचा, फ्रीजमधला आर-१२. तो ओझोनच्या बाबतीत बावीसपेक्षा कितीतरी घातक. आर-११ च्या घातकतेला १ मानलं तर बाराही १ आणि बावीस ०.०५५. म्हणून बारा आधी गेला. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये धोका सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं विवर उघडकीला आलं, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला आणि भारत त्यात १९९२ च्या जूनमध्ये सामील झाला. आपले ओझोनविषयक नियम जुलै २००० चे. १ जानेवारी २०१० पासून बारा नंबरचा कारभार आटोपला. बावीसची पाळी नंतर आली: २०१५ मध्ये दहा टक्के कपात, २०२० मध्ये पस्तीस, २०२५ मध्ये साडेसदुसष्ट. आता या गॅसचा नवा एसी कारखान्यातून बाहेर पडत नाही. २०३० नंतर राहील ते जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरतं शेपूट, तेही २०४० पर्यंत.

पण जुनी यंत्रं पहूरमध्ये आहेत, जामनेरला आहेत, पाचोऱ्याला आहेत. खान्देशात पारा चव्वेचाळीसवर जातो आणि चालतं यंत्र कोणी फेकून देत नाही. ही यंत्रं एकेक करून मरणार, आणि प्रत्येकाच्या पोटात किलो-किलो गॅस असणार. तो वर जाईल की सिलिंडरमध्ये, हे अशाच कुठल्यातरी गच्चीवर ठरणार आहे.

मिस्त्रीने आधी गेज लावलं. निळी नळी, लाल नळी, मधली पिवळी. बंद यंत्राचा काटा दोनशे तीस पीएसआयच्या आसपास थांबला. खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला तक्ता काढून त्याने पेटीच्या सावलीतलं तापमान बघितलं, चव्वेचाळीस, आणि बोट फिरवत आकडा जुळवला. हे कशासाठी, विचारलं. "आधी कोणी दुसरा गॅस मारला असंन तर काटा खोटं बोलतो," तो म्हणाला. शुद्ध गॅसचा उभा दाब त्या तापमानाला ठरलेला असतो. चारशे दहा नंबर, बत्तीस नंबर किंवा आणखी कुठल्या गॅसची मिसळ असेल तर काटा भलतीकडेच थांबतो. अशी मिसळ सिलिंडरात घेतली की आतला चांगला गॅसही गेला, कारण ते पुन्हा वेगळे करणं गच्चीवर कोणाच्या हातचं नाही. म्हणून एका सिलिंडरात एकच गॅस हा त्याचा पहिला नेम. राखाडी सिलिंडरवर रंगाने मोठा २२ काढलेला होता.

मग बर्फाचं काम कळलं. चव्वेचाळीस अंशांना बावीसचा दाब दोनशे तीस, बर्फाच्या पाण्यात तोच साठ-सत्तर. पाणी उताराकडे जातं तसा गॅस कमी दाबाकडे जातो. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून पहूरवरून तापीकडे उतरते तसा. गॅस ओढणारं रिकव्हरी यंत्र होतंच, पण सिलिंडर उन्हात तापलेलं असेल तर ते धापा टाकतं आणि मध्येच ट्रिप होतं. बर्फात ठेवलं की सुरळीत चालतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून रिकाम्याचं वजन लिहून घेतलं, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढली आणि यंत्र सुरू केलं. पूर्वी नळ्यांतली हवा काढायला गॅसचीच फुंकर मारायचे. ती फुंकर आता त्याच्या कामात नाही.

खालून व्यवस्थापक वर आले. उन्हाने चेहरा लाल. "भाऊ, किती वेळ लावू राहिले? सोडून द्या ना तो गॅस."

"सोडायला दोन मिनिटं लागतीन, साहेब. पण मग तुमच्या दुसऱ्या एसीत काय भरू?"

व्यवस्थापक थोडा वेळ घमेल्याकडे बघत उभे राहिले आणि खाली गेले. मिस्त्री मला म्हणाला, ओझोनचं सांगितलं तर लोक मान हलवतात, पैशाचं सांगितलं तर थांबतात. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. वरच्या तीन मिलिमीटरांत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. बिल दिसतं.

काटा शून्याखाली गेल्यावर त्याने यंत्र थांबवलं आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिला. तेलात विरघळलेला गॅस मागाहून वर येतो. काटा पुन्हा थोडा चढला, तसं पुन्हा ओढलं. वजनाचा आकडा: ७४० ग्रॅम. किलोवर असायला हवा होता, बाकीचा वर्षानुवर्षांत गळालेला. पाऊण तास गेला. या पाऊण तासाचे पैसे त्याला वेगळे कोणी देत नाही, आणि मला वाटतं खरी अडचण नेमकी इथे आहे. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून जाणूनबुजून गॅस हवेत सोडणं गुन्हा आहे, आणि कारागिराकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला हा गॅस विकत मिळत नाही. आपल्याकडचे नियम गॅस बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला, विकणाऱ्याला नोंदणीत आणि परवान्यात बांधतात. गच्चीवरच्या माणसाच्या वाट्याला मुख्यतः प्रशिक्षण आलं. या मिस्त्रीने आयटीआयनंतर सरकारी योजनेतलं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथे त्याने पहिल्यांदा रिकव्हरी यंत्र हाताळलं. पुढे स्वतःच्या पैशांनी जुनं घेतलं. दोन दिवसांच्या शिबिरावर आणि एका माणसाच्या सदसद्‌विवेकावर आपण केवढा भार टाकला आहे!

त्याच्या उजव्या अंगठ्यावर गुळगुळीत चकाकणारा डाग आहे. शिकाऊ असताना द्रव गॅस हातावर उडाला होता. बावीस नंबर उणे एक्केचाळीसला उकळतो, कातडी भाजल्यासारखी निघते. त्या दिवसापासून हातमोजे. बंद खोलीत गॅस सोडायचा नाही हेही तसंच, हवेपेक्षा जड असल्याने तो खाली बसतो आणि श्वासाची हवा ढकलून देतो. नळीत गॅस असताना ज्योत लावायची नाही, कारण जळताना त्यातून फॉस्जीनसारखे विषारी वायू निघतात. म्हणजे गॅस नीट काढून घेण्याचा नियम आभाळासाठी जेवढा, तेवढाच तो त्याच्या स्वतःच्या छातीसाठी.

दुसऱ्या यंत्राकडे वळलो. तिथे त्याने लगेच गॅस भरला नाही. गळतं भांडं भरत राहायचं नाही. साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. मोठ्या नळीच्या फ्लेअर नटवर एकामागे एक बारीक बुडबुडे फुगू लागले, दूध उतू जाण्याआधी कडेला येतात तसे. मग यातलाही उरलेला गॅस त्याच सिलिंडरात काढला: ४१० ग्रॅम. नळीचं तोंड चिरलं होतं. ते कापून आतली कडा घासली, बुरादा आत पडू नये म्हणून नळी खाली झुकवून धरली, नवा फ्लेअर काढला, तेलाचं बोट फिरवलं आणि टॉर्क पान्याने आवळला. मनगटाच्या अंदाजाने आवळलेले नट वर्षभरात बोलतात, म्हणाला.

नायट्रोजन भरून अर्धा तास काटा बघितला. ऑक्सिजन कधीही नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. काटा हलला नाही. नायट्रोजन सोडला, तो हवेचाच आहे, त्याला काही हिशेब नाही. मग व्हॅक्यूम पंप. आत ओलावा राहिला की त्याचं आम्ल होतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग खाऊन टाकतं. पंप घुरघुरत होता तेवढ्यात पोराने स्टँडवरून तीन चहा आणले.

चहा पिताना नव्या गॅसांचं निघालं. आर-३२ हल्लीच्या घरगुती एसींत सगळीकडे आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हळू का होईना पेटतो. आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. त्यावर चालणारे एसी गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात २०१२ पासून बनवले. हवामानाच्या दृष्टीने फार चांगला गॅस, पण त्याच्यासाठीच बांधलेल्या यंत्रात. "बावीसच्या पेटीत कोणी प्रोपेन मारू नये," मिस्त्री म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला. "आतली वायर ठिणगी मारणारी असते." बावीसला पृथ्वी तापवण्याची दुसरी बाजूही आहे. एक किलो बावीस म्हणजे तापवण्याच्या ताकदीत सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड. मी कागदावर मांडून बघितलं, एवढा कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर: पन्नास किलोमीटरचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलने जवळजवळ एकोणचाळीस हजार किलोमीटर. माझ्या घरच्या त्या फुस्समध्ये पृथ्वीभोवतीची जवळजवळ एक फेरी गेली होती.

भरताना सिलिंडर पुन्हा वजनकाट्यावर. काढलेला गॅस तसाच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात घालायचा नाही, त्याला आधी कारखान्यात शुद्ध करून तपासावं लागतं. त्याच मालकाच्या दुसऱ्या यंत्रात मात्र चालतं, गाळून आणि सुकवून. बसलेल्या कॉम्प्रेसरचं तेल त्याने आधीच थेंबभर काढून बघितलं होतं. मधासारखं स्वच्छ, जळका वास नाही. काळं असतं तर ते ७४० ग्रॅम कामाचे नव्हते. वाटेत नवा ड्रायर लावून थोडा थोडा गॅस सोडला. काट्यावरचे आकडे उतरत होते आणि पोरगा ते मोठ्याने वाचत होता. एक हजार पन्नासला मिस्त्रीने व्हॉल्व्ह बंद केला. दाबावर किंवा नळीवर दव येईपर्यंत अंदाजाने भरणारे खूप आहेत. हा पट्टीवरच्या आकड्यावर थांबला.

खाली हॉलमध्ये जाळीपाशी हात धरला तर मघाचा नुसता वारा आता बोचत होता. व्यवस्थापक टेबलामागून म्हणाले, "झालं का?" मिस्त्रीने मान हलवली आणि पिशवीतून दोरीने बांधलेली वही काढली. तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेल्या पानावर त्याने लिहिलं: बावीस. ७४० अधिक ४१०, एकूण ११५०. भरला १०५०. शिल्लक १००. मालकाचं नाव, तारीख. मग व्यवस्थापकांना सांगितलं की शंभर ग्रॅम तुमचे माझ्याकडे जमा आहेत, पुढच्या वेळी लागतील.

घमेल्यातला बर्फ वितळला होता. पोराने ते पाणी गच्चीच्या कडेला लावलेल्या तुळशीला घातलं आणि सिलिंडर पुसून खांद्यावर घेतलं.