फेराराच्या भिंतीवरचा द्रेष्काण

इटलीतल्या फेरारा शहरात स्किफानोया नावाचा महाल आहे. त्याच्या दालनात १४७०च्या सुमारास बारा महिन्यांची भित्तिचित्रं काढली गेली. मार्च महिन्याच्या चित्रात वर देवता आहेत, खाली ड्यूकचा दरबार आणि मधल्या पट्ट्यात एक काळासावळा पुरुष. अंगावर फाटकं पांढरं वस्त्र, कमरेला दोर. हा कोण, याचं उत्तर १९१२ साली रोममधल्या व्याख्यानात जर्मन कला-इतिहासकार आबी वारबुर्ग यांनी दिलं. तो मेष राशीचा पहिला द्रेष्काण, म्हणजे राशीच्या तीन भागांतला पहिला! ज्योतिषी वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त तो आहेच : काळा वर्ण, लाल डोळे, कमरेला पांढरं वस्त्र, हातात परशू. नवव्या शतकात बगदादच्या ज्योतिषी अबू माशरने भारतीयांचं मत म्हणून तो अरबीत उतरवला आणि पुढे लॅटिन ग्रंथांतून तो चित्रकारापर्यंत पोहोचला. वारबुर्ग तर म्हणत, या पुरुषाचं मूळ रूप ग्रीकांचा वीर पर्सियस आहे. म्हणजे तो पूर्वेला जाऊन, वेश बदलून युरोपात परतला.

हा माग काढायला नुसता चित्रकलेचा अभ्यासक पुरा पडत नाही, नुसता ज्योतिषाचाही नाही. म्हणूनच वारबुर्ग यांनी हॅम्बुर्गमध्ये ग्रंथालय उभारलं. बँकवाल्या घराण्यातला हा थोरला मुलगा. तेराव्या वर्षी त्याने पेढीवरचा हक्क धाकट्या भावाला दिला आणि बदल्यात हवी ती पुस्तकं घेऊन देण्याचं वचन घेतलं, असं त्या घरात सांगत.

पुस्तकं लेखकवार लावायची नाहीत, प्रश्नांच्या नात्याने लावायची, हा तिथला दंडक. डोक्यात नवा विचार आला की वारबुर्ग कपाटंच्या कपाटं हलवत. आजही चार मोठे विभाग आहेत : प्रतिमा, शब्द, दिशाज्ञान, कृती. दिशाज्ञानात धर्म, जादूटोणा, विज्ञान आणि तत्त्वज्ञान शेजारी नांदतात. प्रबोधनकाळातला विद्वान ग्रहगणित करी आणि पत्रिकाही पाही. त्याचं डोकं समजून घ्यायला हीच मांडणी मला खरी वाटते.

वारबुर्ग १९२९ मध्ये गेले. नाझी सत्तेवर आल्यावर, डिसेंबर १९३३ मध्ये, त्यांचे सहकारी फ्रिट्झ झाक्सल आणि गेरट्रूड बिंग यांनी सुमारे ६०,००० ग्रंथ बोटींनी लंडनला हलवले. १९४४ मध्ये या ग्रंथालयाची संस्था लंडन विद्यापीठात आली आणि १९५८ पासून वोबर्न स्क्वेअरमध्ये आहे. कला-इतिहासकार एर्न्स्ट गोम्ब्रिक इथे संचालक होते. स्मरणकलेचा इतिहास लिहिणाऱ्या फ्रान्सिस येट्सही इथल्याच.

पुढे खर्चावरून आणि मालकीवरून विद्यापीठाशी वाद झाला आणि तो कोर्टात गेला. विद्यापीठाने हे ग्रंथालय स्वतंत्रपणे सांभाळलं पाहिजे, असा निकाल २०१४ मध्ये लागला. मोठ्या नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली, आणि ग्रंथ त्याच चार विभागांत वाचकांना हाताशी आहेत.