विश्लेषण : ‘हाय-रेस’ आवाज म्हणजे नेमके काय? शहापूर-मुरबाडच्या घरात तो ऐकू येतो का?

इअरबड्स, साउंडबार, होम थिएटर... सणासुदीच्या खरेदीत अनेक खोक्यांवर ‘हाय-रेस ऑडिओ’ असा सोनेरी शिक्का दिसतो आणि किंमतही त्याच हिशेबाने वाढते. शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारातून असे उपकरण घरी आणणाऱ्याला त्या शिक्क्याचा किती उपयोग होतो? आणि आवाजाचे ‘रिझोल्युशन’ खरोखर कुठे कामाला येते?

रिझोल्युशन म्हणजे काय?

फोटोचे रिझोल्युशन पिक्सेलवर ठरते. डिजिटल आवाजाचे रिझोल्युशन दोन आकड्यांवर ठरते. पहिला आकडा सॅम्पलिंग रेट, म्हणजे आवाजाची लहर सेकंदाला किती वेळा मोजली. दुसरा बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारीक पट्टीने केली. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हे माप रूढ केले. यात सेकंदाला ४४,१०० मोजण्या होतात आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी असते. यापेक्षा वरच्या मापाला ‘हाय-रेस’ म्हणतात. ते बहुधा २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ असते.

आकडा वाढला की आवाज सुधारतो का?

फोटोचे गणित इथे तसेच लागू होत नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. जितक्या हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडायचा, त्याच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त सॅम्पलिंग रेट असला की मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. त्यामुळे सीडीचे माप कानाला पुरते. सोनेरी शिक्क्यासाठी उपकरणाने ४०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज हाताळावा लागतो. त्यातला वरचा निम्मा भाग माणसाच्या कानाच्या पलीकडचा आहे.

अमेरिकेत ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी हाय-रेस आणि सीडी दर्जाचा आवाज ओळखायला लावून ५५४ चाचण्या घेतल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बरोबर उत्तरे ४९.८ टक्के होती, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. तेव्हा हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर गेले. कान तयार असलेल्या श्रोत्यांना फरक अधिक कळला. थोडक्यात, फरक असलाच तर फार सूक्ष्म आहे.

घरातली परिस्थिती काय सांगते?

१६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. मात्र जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना तानपुऱ्याचा हळू सूर १६ बिटमध्येही बुडतो आणि २४ बिटमध्येही. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे जाड पडदा, गोधडी किंवा सतरंजी टाकली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून कानाच्या उंचीवर ठेवला, तर जो बदल जाणवतो तो महागड्या फाइलने होत नाही.

डेटा आणि ब्लूटूथचे काय?

पाच मिनिटांचे गाणे ३२० केबीपीएसला सुमारे १२ एमबी घेते. सीडी दर्जाचे गाणे दाबल्याशिवाय ठेवले तर ५३ एमबी आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे सुमारे ३४५ एमबी होते. गुणवत्ता न गमावता फाइल दाबता येते, तरी हे मोठे गाणे रोजच्या दीड जीबीच्या पॅकला चांगलीच कात्री लावते. डोंगराआडच्या पाड्यावर रेंज येत-जात असेल तर ते अडखळतेही.

ब्लूटूथवर जाताना तर गाणे पुन्हा दाबले जाते. एलडीएसीसारखी पद्धत ९९० केबीपीएसपर्यंत जाते, पण ती फोन आणि इअरबड्स दोन्हींत असावी लागते. आयफोनमध्ये ती नाही. म्हणून महागड्या पॅकेजपेक्षा वायरचा बरा हेडफोन अनेकदा स्वस्तात जास्त देतो.

मूळ रेकॉर्डिंग किती महत्त्वाचे?

सर्वांत जास्त. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गीते प्रसारित झाली, ती लोकांनी मीडियम वेव्हच्या खरखरीतून ऐकली. ते रिझोल्युशन आजच्या कुठल्याही फोनपेक्षा कमीच होते. गायन, वादन आणि ध्वनिमुद्रण चांगले असेल तर कान उरलेले सांभाळून घेतो. उलट, मुळात जे टिपलेच गेले नाही ते फाइल नंतर २४ बिटची केली तरी परत येत नाही.

मग जास्त रिझोल्युशन कुठे कामाला येते?

रेकॉर्ड करताना. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर वारली लग्नात धवलेरी गाते ती गाणी, दुधी भोपळ्याचा तारपा, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाची रात्र हे सारे आज बहुतेक फोनवरच टिपले जाते. २४ बिटमध्ये रेकॉर्डिंगची पातळी थोडी खाली ठेवता येते. मग ढोलकीची थाप अचानक चढली तरी आवाज फाटत नाही आणि हळू सूरही हरवत नाही.

रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये ‘डब्ल्यूएव्ही’चा पर्याय असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडावे, २४ नसेल तर १६ बिट. पंखा बंद करावा, फोन गाणाऱ्याच्या जवळ पण हातात न धरता कापडावर ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून पाठवू नये, कारण ती बोलण्यापुरती दाबलेली असते. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोहोचते. एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी.

ऐकण्यासाठी सीडीचे माप पुरेसे आहे. जपून ठेवायचे असेल तर मात्र रिझोल्युशनमध्ये काटकसर नको. स्पीकर पुढच्या दिवाळीतही बदलता येईल, आजीची ओवी पुन्हा रेकॉर्ड करायला मिळेलच असे नाही.