पाटी-पेन्सिलीआधी बसायला शिका

चंद्रपुरात मी मानसशास्त्र शिकवते. एम.ए.ला आलेल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, स्किलसाठी कोणता कोर्स लावू?" यादी त्यांच्याकडे तयारच असते: समुपदेशनाचं सर्टिफिकेट, एसपीएसएस, संवादकौशल्याची ऑनलाइन कार्यशाळा. एसपीएसएस शिकाच, आकडे नसले तर आमचं शास्त्र गप्पांत जमा होतं. बाकीच्या यादीवर मी एवढंच म्हणते, आधी आलापल्लीच्या पुढे चला.

आलापल्लीहून जंगलातून साठेक किलोमीटर गेलं की हेमलकसा. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 ला इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. दोघांना मिळालेला 2008 चा मॅगसेसे पुरस्कार सगळ्यांना ठाऊक आहे. मी मुलांना सांगते ते त्याच्या खूप आधीचं. औषधं होती, डॉक्टर होते, पेशंट मात्र येत नव्हते. बाहेरचा माणूस दिसला की इथले माडिया आदिवासी रानात निघून जात. दोघांनी माडिया भाषा शिकायला घेतली. लोकांच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे पाहून प्रकाशभाऊंनी बनियन आणि अर्धी चड्डी हाच आपला वेष केला, तो आजतागायत. याला कोणी साधेपणा म्हणेल, कोणी त्याग. मला त्यात कसलेलं निरीक्षण दिसतं: आपल्यातली कोणती गोष्ट समोरच्याला दूर ठेवते ते ओळखायचं आणि ती आपणच बाजूला करायची. 'रॅपो' नावाचं जे प्रकरण आम्ही तासभर फळ्यावर शिकवतो, ते हेच.

आमची मुलं भामरागड तालुक्यातल्या एका पाड्यावर प्रश्नावली घेऊन बसतात तेव्हा हे उमगतं. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा काळजी वाटली? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी.' आजोबा ऐकून घेतात आणि रानडुकरांनी शेताचं काय केलं ते सांगू लागतात. मुलाला वाटतं, उत्तर चुकलं. खरं तर काळजी कशाची, कधीपासून आणि तिच्यापायी रात्री कोण जागतं, सगळंच सांगून झालेलं असतं. फक्त पाच चौकटींपैकी एकीतही ते बसत नाही. दुभाषा सोबत असेल तर तो नात्यातला कोण, हे आधी विचारायचं. पुतण्या मध्ये बसलेला असताना कोणती काकू घरातलं बोलेल?

हा प्रश्न आमच्या पाड्यापुरता नाही. जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये मानसशास्त्राची आघाडीची नियतकालिकं तपासली. अभ्यासलेल्या माणसांपैकी 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा जेमतेम 12 टक्के. आमची पुस्तकं 'माणूस असा वागतो' असं लिहितात, तेव्हा बहुधा त्यातला माणूस कॉलेजात शिकणारा असतो.

हेमलकशाच्याच जिल्ह्यात दुसरी शाळा आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यायला हवं, असं लोक बोलले. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांसारख्या घरांचा दवाखाना झाला आणि नाव पडलं माँ दंतेश्वरी. मोठे आकडे मोजायची सवय नसलेल्या सुइणींसाठी त्यांनी मण्यांचं श्वासमापक केलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. सुईण अडाणी म्हणून हळहळण्यात कुणी वेळ घालवला नाही, साधन बदललं. वर्तनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत हे पहिल्या पानावर लिहावं. 'इंटरव्हेन्शन' म्हणजे पोस्टर, असा समज आमच्याकडे भलताच पसरला आहे.

संमतीपत्राचंही असंच. कॉलेजच्या समितीला सही लागते आणि लागलीच पाहिजे. पण ज्या भागात एकीकडे पोलीस, दुसरीकडे नक्षलवादी यांच्यामध्ये लोकांनी वर्षं काढली, तिथे अनोळखी कागदावर अंगठा देणं सोपं नाही. नाव कुठे जाणार, नको म्हटलं तर काय होईल, हे तोंडी, सावकाश, गावातल्या चार माणसांसमोर सांगावं लागतं. आणि 'नाही' आलं की वही मिटायची. गाईडला नमुना कमी पडला तरी.

आणखी एक कौशल्य कंटाळवाणं आहे, पण त्यावाचून सगळं फुकट: आपली हद्द ओळखणं. एम.ए. झालं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पाड्यावर कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर सल्ला देत बसू नका. डॉक्टरांपर्यंत पोचवा, फोन लागत असेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर लावून द्या.

पाड्यावर यायचं असेल तर आधी परवानगीचं पत्र पाठवा आणि पावसाळा टाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. निघण्याआधी माडियातली थोडी वाक्यं शिकून घ्या. आणि प्रबंध झाल्यावर त्यातलं काय निघालं ते सांगायला त्याच पाड्यावर पुन्हा या. या शेवटच्या कामाला विद्यापीठ गुण देत नाही, तरी करा.