पापणी मिटत नाही, त्यांनी काय करायचे?

हल्ली बँकेत खाते उघडायचे असो की निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असो, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला की घरबसल्या काम होते. मात्र यंत्र सांगते, ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ कोणी नुसता फोटो धरून फसवू नये म्हणून ही खबरदारी. पापणी सर्वांनाच मिटता येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. आम्हा डॉक्टरांचा अनुभव वेगळा आहे.

पापणी मिटवणारा स्नायू चेहऱ्याच्या नसेवर चालतो. कुष्ठरोगात ही नस दुखावली, तर रोग बरा झाल्यावरही डोळा अर्धवट उघडा राहू शकतो. तोंड वाकडे होण्याच्या विकारात एका बाजूची पापणी मिटत नाही. कंपवातात उघडझापच कमी होते. ॲसिडने भाजलेली पापणी आखडते. अंध व्यक्तीला तर आपला चेहरा चौकटीत आला की नाही, हेच कळत नाही.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “डॉक्टर, मी जिवंत आहे हे मोबाइलला पटेना!” ते हसले, पण त्यांचे पेन्शन अडले होते.

या कृत्रिम बुद्धिमत्तेला असंख्य चेहरे दाखवून शिकवतात. त्यांत असे चेहरेच नसतील, तर ती त्यांना ओळखणार कशी? ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि एक अंध व्यक्ती यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानून न्यायालयाने २० निर्देश दिले. उघडझापेला पर्याय द्यावा, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने तपासावा, कागदी पद्धतही चालू ठेवावी, असे त्यांत आहे. माझ्या मते यांतला दुसरा निर्देश सर्वांत मोलाचा.

तेव्हा मोबाइलने नाकारले म्हणून घरी बसू नका. हयातीचा दाखला बँकेत कागदावरही देता येतो. सत्तरीपुढील वृद्ध आणि दिव्यांग यांना अशा कामांसाठी घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा.

आणि ज्यांची पापणी मिटत नाही, त्यांनी डोळ्याची बुबुळे कोरडी पडू देऊ नयेत. डॉक्टरांना विचारून थेंब घालावेत, रात्री मलम लावून डोळा झाकावा. डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.