साडेबारा ते साडेनऊ

दुपारी 12.30
मोबाइल लॉकरमध्ये, वही-पेन बाहेर, कार्ड दाखवून आत. पुण्यातल्या आमच्या रिव्ह्यू रूममध्ये कागदाचा कपटाही नेता येत नाही, कारण आत जे वाचायचं ते दुसऱ्याचं आहे. अमेरिकेत दावा लागला की दोन्ही पक्षांना आपल्याकडचे संबंधित दस्तऐवज एकमेकांना द्यावे लागतात. 2006 मध्ये तिथल्या फेडरल दिवाणी नियमांत दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्पष्ट उल्लेख आला. एकेका दाव्यातले लाखो मेल वाचणारे हात लागतात. त्यातले काही पुण्यात आहेत. आम्ही सगळे कायद्याचे पदवीधर. पहिलं वाचन आमचं, अंतिम निर्णय तिथल्या वकिलांचा.

12.45
स्क्रीनवर डावीकडे मेल, उजवीकडे टॅगचं पॅनेल. मेल दाव्याशी संबंधित आहे की नाही, याला एकच पर्याय निवडता येतो. वकील-अशिलातली गोपनीयता, म्हणजे प्रिव्हिलेज, याचा वेगळा गट. मुद्द्यांचे टॅग हवे तितके लावता येतात. फाइल उघडत नाही, भाषा परकी आहे, असल्या अडचणींचा आणखी एक गट. एका गटाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, यावर मी हटून बसते. एका कामात आमच्याकडे आलेल्या यादीत ‘महत्त्वाचा’, ‘हॉट’, ‘की डॉक’ आणि ‘वकिलांना दाखवा’ असे चार टॅग होते. वाचणाऱ्याने कोणता लावायचा? ज्याला जो आधी दिसला तो त्याने लावला, आणि पुढे शोधताना चारही उघडावे लागले.

1.00 ते 4.00
वाचन. शेजारी नवी रुजू झालेली सहकारी. तिच्यासमोरचा मेल (तपशील बदलून सांगते): इंजिनिअरने विक्रीप्रमुखाला कळवलंय की नव्या पंपांचं सील गळतंय. सीसीमध्ये कंपनीचे वकील. सॉफ्टवेअर वकिलांची नावं पिवळी करून दाखवतं, म्हणून तिने लगेच प्रिव्हिलेज लावलं.

“वकिलांना यात काय विचारलंय?”
“काहीच नाही, मॅडम. नुसतं सीसीत ठेवलंय.”
“मग काढ. आता पुढचा मेल बघ.”

पुढच्या मेलमध्ये विक्रीप्रमुख वकिलांना विचारतो, वॉरंटीच्या कलमाखाली आपली जबाबदारी कुठवर येते? हा पूर्ण प्रिव्हिलेज. तिसऱ्यात तोच माणूस कारखान्याला लिहितो: माल थांबवा, आणि खाली दोन ओळींत वकिलांचा सल्ला. माल थांबवण्याचा हुकूम हा धंद्याचा भाग, तो द्यावाच लागणार. त्या दोन ओळी मात्र झाकायच्या. त्याला ‘अंशतः’ हा टॅग. एकाच थ्रेडमध्ये तीन मेल, तीन वेगळे निर्णय. अपजॉन खटल्यात 1981 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संरक्षण वकिलाशी झालेल्या संवादाला आहे, त्यामागच्या वस्तुस्थितीला नाही. सील गळतंय ही वस्तुस्थिती. वकिलाला सीसीत ठेवून ती झाकता येत नाही. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 126 आम्ही कॉलेजात शिकलो, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. त्यामुळे तत्त्व तिला ठाऊक होतं. ते पिवळ्या रंगावर न जाता वापरायचं, एवढंच सांगावं लागलं.

4.00
चहा.

4.20
क्यूसी, म्हणजे गुणवत्ता-तपासणी. दोघांनी वाचलेल्या बॅचमधले नमुने काढून ताडून बघते. आज ‘गुणवत्ता तक्रार’ या टॅगवर मतभेद निघाले. एकाने तो फक्त ग्राहकांच्या तक्रारींना लावलाय, दुसऱ्याने कारखान्यातल्या नापास चाचण्यांनाही. दोघांचं वाचन नीट आहे; व्याख्याच सैल आहे. अशा वेळी माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. व्याख्येत एक ओळ वाढवते: तक्रार बाहेरून आलेली असली पाहिजे, चाचण्यांसाठी स्वतंत्र टॅग. खाली एक उदाहरण बसणारं, एक न बसणारं. मग तो टॅग आधी लागलेले सगळे मेल पुन्हा एका बॅचमध्ये टाकते. व्याख्या बदलली आणि जुने टॅग तसेच ठेवले, तर टॅगला काही अर्थ उरत नाही.

6.30
न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. तिथल्या वकिलांशी कॉल. आमच्या टॅगवरून सॉफ्टवेअर शिकतं आणि न वाचलेल्या मेलना गुण देतं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्याच फेडरल कोर्टात मॅजिस्ट्रेट जज अँड्र्यू पेक यांनी दा सिल्व्हा मूर प्रकरणात ही पद्धत मान्य केली. माझा आजचा प्रश्न त्याच संदर्भातला आहे. ‘सोबत जोडलंय, बघा’ एवढाच मेल, आणि जोडपत्रात सगळा मसाला. जोडपत्र द्यायचं म्हणून मेलही ‘संबंधित’ ठरतो, कारण मेल आणि त्याची जोडपत्रं, म्हणजे फॅमिली, एकत्र जाते. पण मशीनला त्या तीन शब्दांतून काय शिकायला मिळणार? मी ‘फक्त फॅमिलीमुळे’ असा वेगळा टॅग सुचवला. असे मेल शिकवणीतून वगळायचे, द्यायचे मात्र सगळे. त्यांनी विचार करून रात्रीपर्यंत कळवायचं ठरलं.

7.30
जेवण.

8.10
उद्या जाणाऱ्या संचाची तपासणी. ‘संबंधित’ आहे, प्रिव्हिलेज नाही, क्यूसी झालंय, अशा अटी लावून संच निघतो. पण मी उलट्या बाजूनेही शोधते. मेल मोकळा आणि त्याच्या जोडपत्राला प्रिव्हिलेज, अशा फॅमिली कोणत्या? तंतोतंत सारख्या दोन प्रतींवर वेगळे टॅग कुठे आहेत? आज अशी एक जोडी सापडली: वकिलांचं टिपण एका ठिकाणी झाकलेलं, दुसऱ्या मेलला जोडलेली प्रत उघडी. व्हिक्टर स्टॅन्ले प्रकरणात 165 दस्तऐवज चुकून पलीकडे गेले. शब्दशोध काळजीपूर्वक केल्याचं त्या पक्षाला दाखवता आलं नाही, म्हणून मेरीलँडच्या फेडरल कोर्टाने 2008 मध्ये त्यांवरचा गोपनीयतेचा हक्क गेल्याचं ठरवलं. त्याच वर्षी तिथल्या पुराव्याच्या फेडरल नियमांत नियम 502 आला: चुकून गेलं, पण आधी रास्त काळजी घेतली होती आणि कळल्याबरोबर पावलं उचलली, तर हक्क शाबूत राहतो. टॅग कुणी, कधी लावला, कुणी बदलला, ही नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. काळजी घेतल्याचं दाखवायची वेळ आली तर तीच पुढे करता येते.

9.10
न्यूयॉर्कचा होकार आला. नवा टॅग पॅनेलमध्ये बसवला, त्याची व्याख्या टीमच्या सूचनापत्रात घातली. उद्याच्या पहिल्या बॅचमध्ये आधी ‘संबंधित’ ठरलेले छोटे मेल येतील; तो टॅग कुठे लागतो हे नव्या सहकारीबरोबर बसून बघायचं आहे. साडेनऊला कॅब.